मास्तरांची सायकल आणि फोंड्याचा घाट

निवृत्त माणसाने काय करावे याविषयी घरोघरी ठरलेली मते असतात. आमच्या सौभाग्यवतींच्या मते त्याने सकाळी दूध आणावे, दुपारी झोपावे आणि एरवी स्वयंपाकघरात डोकावू नये. कन्येच्या मते त्याने योगासने करावीत. शेजाऱ्यांच्या मते त्याने सोसायटीचे सेक्रेटरीपद घ्यावे. २०२३ साली बँकेतली छत्तीस वर्षांची नोकरी संपवून मी घरी आलो आणि चहा पिता पिता जाहीर केले, की आपण देवगडहून कोल्हापूरला सायकलने जाणार. त्या दिवशी ही तिन्ही मते प्रथमच एक झाली!

“अहो, गुडघे कुणाचे आहेत?” सौभाग्यवतींनी विचारले.

गुडघे माझेच होते. परंतु घाट वडिलांचा होता. ते कसे, हे आधी सांगायला हवे.

आमचे मूळ घर देवगडला खेटून असलेल्या जामसंड्याचे. वडील प्राथमिक शिक्षक. सारा गाव त्यांना मास्तर म्हणे. १९६८ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत मास्तर आपल्या सायकलीवरून निघाले ते तळेबाजार, शिरगाव, नांदगाव करीत फोंड्याचा घाट चढून थेट कोल्हापूरला गेले आणि शाळेसाठी पुस्तकांचा गठ्ठा कॅरिअरला बांधून चौथ्या दिवशी घरी आले. मी तेव्हा पाच वर्षांचा. खळ्यात सायकल उभी करून त्यांनी मला उचलले आणि म्हणाले, “मोठा झालास की तुला नेईन हो घाटात!” पुढे मी मोठा झालो, मुंबईला गेलो, नोकरीला लागलो. सुट्टीला जाई तेव्हा कधी पाऊस असे, तर कधी आंब्याची गडबड. एके वर्षी वडीलच गेले. घाट राहिला.

सायकल मात्र होती. पडवीच्या कोपऱ्यात ती अजून उभी होती. आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. पण दर खंडेनवमीला ती सायकल पुसून, तेलाचा बोळा फिरवून तिला झेंडूचा हार घालण्याचा नेम तिने चुकवलेला नाही. तेव्हा मी मनाशी म्हटले, सांगाडा तयार आहे, चाके तयार आहेत. आता फक्त पाय हवेत. वाचकहो, इथेच मी चुकलो! ही चूक मला जी शिकवून गेली, तेच आज सांगणार आहे. कारण सायकलवरून लांब जावे अशी इच्छा आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते, आणि दुकानात गेले की पहिली नजर रंगावर जाते.

पावसाळा सरता सरता मी जामसंड्याला गेलो. सायकलला नवे टायर-ट्यूब घातले, छर्रे बदलले, ग्रीस भरले, आणि सरावासाठी विजयदुर्गाच्या रस्त्याला लागलो. बाहेरच्या माणसाला वाटते, समुद्रकिनारा म्हणजे सपाटी. आमच्या देवगड तालुक्यात तसे नाही. इथे वर कातळाचा सडा आणि त्यात खाड्यांनी पाडलेल्या खोल चिरा. रस्ता सड्यावरून एकदम खाडीला उतरतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा तितकाच वर चढतो. अशा चढाला आम्ही घाटी म्हणतो. घाटातली मोठी चढण एकदाच येते, पण या घाट्या दिवसभर येतच राहतात.

वाडातरच्या खाडीकडे उतरताना एक सर येऊन गेली. जुन्या सायकलीचे दांड्यांचे ब्रेक तुम्हाला आठवत असतील. त्यांचे रबर पोलादी रिमला आतून घासते. रिम चकचकीत आणि वर ओली! मी ब्रेक दाबला. ब्रेकने दाबून घेतला, पण सायकलला ते कळले नाही. पाय टेकावा म्हटले तर पाय जमिनीला पोहोचेना. शेवटी एका चिऱ्याच्या गडग्याने मला अडवले. गडग्यापलीकडे सरळ उतार होता, एवढेच सांगतो. ढोपर फुटले, डाव्या क्रँकची कॉटर पिन सैल झाली, आणि सायकल हातात धरून लंगडत मी बाजारातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत आलो.

दुकानदार पंचाहत्तरीच्या पुढचे. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

“मास्तरांचो झील मा तू? मगे लंगडतंस कित्याक?”

मी हकिगत सांगितली. ते उठले. सायकलकडे न पाहता त्यांनी माझ्याकडे पाहिले, हे मी विसरणार नाही.

“दांडी दोन पायांच्या मधी घेवन उभो रव बघया.”

मी उभा राहिलो. टाचा टेकेनात. ज्या दांडीवर बसून मी लहानपणी शाळेत गेलो, तीच दांडी आता मला चवड्यांवर उभे करीत होती!

“मास्तर सहा फुटी माणूस,” ते म्हणाले. “त्येंका ही चोवीस इंची सायकल. तू आवशीवर गेलंस. बापाशीचो सदरो बाही दुमडून घालूक येता. सायकल खंय दुमडतलंस?”

मला हसू आले. पण मनाला ते लागलेही. मुंबईला परत येताना गाडीत मी तेच घोकत होतो.

आता या ठिकाणी थोडा हिशेब सांगतो. तो वहीच्या मागच्या पानावर करता येण्याजोगा आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे. एक जाडसर पुस्तक दोन्ही पायांमध्ये वर दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. माझे ते ७६ सेंटीमीटर भरले. या मापाला ०.८८३ ने गुणले, की पायडलच्या क्रँकचा मध्य ते सीटचा माथा यांमधले अंतर साधारण मिळते. माझे आले ६७ सेंटीमीटर. चोवीस इंची सांगाड्याची उभी नळीच ६१ सेंटीमीटरची. तिच्यावर जुनी स्प्रिंगची सीट. सीट कितीही खाली दाबली तरी ती माझ्या मापापेक्षा उंचच राहणार! गुडघे का दुखतात याचे उत्तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी टेपने मिळाले. एवंच, पहिला धडा असा, की सांगाडा शरीराला बसला पाहिजे. सीट वरखाली होते, हँडल बदलता येते, चाके बदलता येतात; सांगाड्याचे माप काही बदलत नाही.

“मग दुसरी घ्या,” कन्या म्हणाली. आतापर्यंत विरोधी पक्षात असलेली ही मुलगी एकदम माझ्या बाजूला आली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ते तिने आईला सांगितले. मीही माझे घोडे पुढे दामटले. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर निघाले आणि त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, जग फिरून १९२८ साली परत आले, ते मी सुनावले.

“ते तरुण होते,” सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “आणि त्यांच्यापैकी कुणी आमच्या घरातले नव्हते.”

तरीपण दुकाने पाहायला त्या बरोबर आल्या. आलिशान दुकान. पहिल्या विक्रेत्याने मला कार्बनची शर्यतीची सायकल दाखवली. एका बोटाने उचलून दाखवली! मी विचारले, “कॅरिअर कुठे बसते?” तो गडबडला. कॅरिअर आणि मडगार्ड बसवायला सांगाड्याला लहान लहान भोके लागतात. शर्यतीच्या सायकलला ती बहुधा नसतातच. दुसऱ्याने पुढे धक्के खाणारा जाड चिमटा असलेली डोंगरी सायकल काढली. ती खडकांवर उड्या मारायला उत्तम. परंतु डांबरी चढावर तो चिमटा आपली निम्मी मेहनत खाली-वर होण्यात गिळतो, आणि त्याचे वजन वाहायचे ते आपणच.

लांबच्या प्रवासाची सायकल या दोघींहून वेगळी. तिला वेग नको, सोशिकपणा हवा. मागच्या चाकाच्या आसापासून क्रँकच्या मध्यापर्यंतची नळी शर्यतीच्या सायकलला साधारण ४१ सेंटीमीटर असते. प्रवासी सायकलला ती ४५ च्या आसपास लागते. का? तर मागे दोन्ही बाजूंना पिशव्या लटकल्या, की आखूड सायकलवर प्रत्येक फेऱ्याला टाच पिशवीला लागते. शिवाय लांब सांगाडा ओझ्याखाली डगमगत नाही.

आता धातू कुठला? ॲल्युमिनियम हलके, गंजाची भीती कमी. पण तुटले तर रस्त्यात सांधता येत नाही. कार्बन त्याहून हलके. पण कॅरिअरच्या पट्टीने आवळलेले त्याला सोसत नाही. मी निवडले पोलाद. जुन्या सायकलींचे साधे जड पोलाद नव्हे, तर क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले, ज्याला क्रोमोली म्हणतात. ते मजबूत असल्याने नळ्यांचे पत्रे पातळ ठेवता येतात, म्हणून सांगाडा फार जड होत नाही. आणि वेळ आलीच तर फोंड्याच्या बाजारात वेल्डिंगवाला सापडेल. कार्बनवाला सापडणार नाही. घरापर्यंत पोहोचण्यापुरता टाका तो नक्की घालील. प्रवासाला निघणाऱ्याने प्रत्येक भागाला हाच प्रश्न विचारावा असे मला वाटते: बाबा रे, तू मोडलास तर तुला दुरुस्त कोण करील?

या एका प्रश्नाने माझी निम्मी निवड झाली. चाकांना ३६ तारा घेतल्या. २० किंवा २४ तारांचे चाक दिसायला देखणे, पण एक तार तुटली की लगेच वाकडे होते. ओझे मागच्या चाकावर असते आणि तारा बहुतेक गिअरच्या बाजूच्याच तुटतात, म्हणून ते चाक एका जुन्या कारागिराकडून हाताने बांधून घेतले. त्याने चाकाचा आऊट काढताना तार वाजवून तिचा ताण पाहिला, एखाद्या सतारियासारखा. हबमध्येही एक खोच आहे. जुन्या पद्धतीचे फ्रीव्हील हबवर आट्यांनी चढते आणि आसाचा उजवा छर्रा फार आत राहतो. ओझ्याने आस वाकतो. नव्या पद्धतीच्या कॅसेट हबमध्ये तो छर्रा टोकाजवळ असतो. मी दुसरा घेतला. टायर ३८ मिलिमीटर रुंदीचे. अरुंद टायर खड्ड्यात माणसाला हाडे मोजायला लावतो. ट्यूबचा वाल मोटारसायकलला असतो तसाच घेतला, म्हणजे कुठल्याही पंक्चरच्या दुकानात हवा मिळते. ब्रेक डिस्कचे, पण तेलाचे नव्हे, वायरचे. वायर कुठल्याही गावात मिळते. आणि रिम ओली झाली तरी डिस्कला त्याचे काही नसते, हे मला वाडातरचा गडगा आठवून फार महत्त्वाचे वाटले.

राहता राहिला गिअर. इथे माझा अभिमान आडवा आला. वडिलांनी एका गिअरवर घाट चढला आणि मी चोवीस गिअर लावायचे? परंतु जगात हा अभिमान माझ्या आधीही पुष्कळांनी बाळगला आहे. १९०३ साली सुरू झालेली फ्रान्सची प्रसिद्ध सायकल शर्यत, तिचे संस्थापक हेन्री देग्रांज यांनी साखळी सरकवणारे गिअर त्या शर्यतीत येऊ दिले नाहीत. ते आले १९३७ साली. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी, असे त्यांचे मत. मी एकसष्ट वर्षांचा! म्हणजे देग्रांजसाहेबांनीच मला परवानगी दिलेली होती.

पुन्हा वहीचे मागचे पान काढले. वडिलांच्या सायकलीला पुढे ४४ दाते, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला ठीक, चढावर ते साडेपाच मीटर एका दमात ओढावे लागतात. नवीन जोडणीत पुढे ४२, ३२ आणि २२ दात्यांची तीन चक्रे, मागे ११ पासून ३२ पर्यंत आठ. पुढे २२ आणि मागे ३२ ठेवले, की एका फेऱ्यात सायकल दीड मीटर सरकते. वेग पायी चालण्याचा, पण पाय गोल फिरत राहतात आणि गुडघ्याला झटका बसत नाही. मागे दहा-बारा चक्रांचा नवा थाट मिळतो. मी आठच घेतली, कारण त्यांची साखळी जाड, स्वस्त आणि लहान गावातही मिळण्याजोगी. क्रँकला कॉटर पिन नको, बंद छर्ऱ्यांचा बी. बी. घेतला. लोखंडी कॅरिअर, पूर्ण लांबीची मडगार्डे, आणि माझ्या बैठकीला मानवलेली चामड्याची सीट. सगळे मिळून ५२ हजार रुपये झाले. “एवढ्यात जुनी स्कूटर आली असती,” सौभाग्यवती म्हणाल्या. पण पैसे त्यांनीच मोजून दिले.

तरीही मनात एक खुटखुट होतीच. वडिलांच्या सांगाड्यावरच हे सारे चढवता येणार नाही का? तो माझा शेवटचा हट्ट. नवी सायकल गाडीने जामसंड्याला नेली आणि पुन्हा त्या वृद्ध दुकानदारांना विचारले. त्यांनी मापे घेऊन दाखवली. गिअरच्या मागच्या हबला १३५ मिलिमीटर जागा लागते. जुन्या सांगाड्यात तेवढी नाही. फाकवून जागा केली तरी चाके निराळ्या मापाची. आणि ते सारे केले तरी दांडीची उंची तीच.

“ह्या सायकलीचा काय करतलंस?” त्यांनी विचारले.

“राहील पडवीत. आई हार घालते.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हयसरलो वारो खारो. सायकल फिराक व्हयी. उभी रवली काय गंजता.”

त्यांचा नातू तिथेच पंक्चर काढत होता. कॉलेजात जाणारा, उंच, काटकुळा मुलगा. तो उभा राहिला तेव्हा माझ्या डोक्यात जे आले, ते बोलायला मला दोन दिवस लागले. आईपुढे विषय काढताना तर घशाशी आवंढा आला. साठ वर्षे जपलेली वस्तू, ती परक्या मुलाला द्यायची? माझ्या धाकट्या आत्याने तर सरळ सांगितले, “दादाची सायकल या घराबाहेर जाणार नाही.”

आई काहीच बोलली नाही. संध्याकाळी तिने त्या मुलाला बोलावून घेतले. खळ्यात सायकल काढायला लावली आणि दांडी पायांमध्ये घेऊन उभे राहायला सांगितले. त्याच्या दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या आणि वर दोन बोटे जागा उरली. आई ते पाहत राहिली. मग मला म्हणाली, “त्यांनी शाळेतल्या पोरांना पुस्तके दिली, ती परत मागितली का कधी? ने रे बाळा. फक्त खंडेनवमीला घेऊन ये.” आत्या पदराने डोळे पुसत आत गेली, पण जाता जाता त्या मुलाला ओरडली, “साखळीला तेल घालीत जा हो!”

२०२४ च्या डिसेंबरात मी निघालो. निघण्यापूर्वी दुकानदारांच्या सांगण्यावरून सीटची नळी काढून तिला ग्रीस लावले. पोलादाच्या सांगाड्यात ॲल्युमिनियमची नळी खाऱ्या हवेत अशी धरून बसते, की पुढे ती काढायला करवत लागते. देवगडकरांनी तरी हे विसरू नये. सामान बारा किलो, पिशव्या खाली लटकवलेल्या. पहिली रात्र फोंड्याला. दुसऱ्या दिवशी उजाडताच घाट.

घाटाचे वर्णन करण्याइतका दम मला तेव्हा नव्हता, त्यामुळे आता उगाच करीत नाही. सर्वांत लहान गिअर टाकला आणि पाय फिरवत राहिलो. एसटी मागून आली, वाहकाने हात केला. एका वळणावर खाली पाहिले तर कोकण धुक्यात बुडाले होते. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. वडिलांनी हा सारा चढ सायकलवर बसून चढला असेल असे मी जन्मभर समजत होतो. साडेपाच मीटरच्या फेऱ्याने? शक्य नाही. बरेच अंतर ते सायकल ढकलत चालले असणार. परत येताना पुस्तकांचे ओझे घेऊन, त्या ओल्या-सुक्या ब्रेकवर, जीव मुठीत धरून उतरले असणार. घरी येऊन त्यांनी त्यातले अक्षर काढले नाही. पाच वर्षांच्या मुलाला फक्त एवढेच कळले, की घाट म्हणजे जाण्याजोगी जागा आहे. दाजीपूरच्या माथ्यावर सायकल दगडाला टेकवून मी पाणी प्यालो, आणि थोडा वेळ तिथेच बसलो.

रात्र राधानगरीला काढून तिसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापुरात पोहोचलो. शाळेसाठी पुस्तके घेतली. कॅरिअर कुरकुरले नाही. परतताना घाटात ब्रेकही मुकाट्याने आपले काम करीत राहिले.

यंदाच्या खंडेनवमीला आमच्या खळ्यात दोन सायकली उभ्या होत्या. चोवीस इंचीचा रंग उडालेला, पण साखळी तेलाने काळी कुळकुळीत आणि टायर झिजलेले. आईने दोन्हींना हार घातले. मग त्या मुलाने सायकल बाहेर काढली आणि घंटा वाजवत देवगडच्या रस्त्याने निघून गेला. आई दारात उभी राहून ऐकत होती.

“बरी चालते अजून,” ती म्हणाली, आणि दिवाळीच्या फराळाचे भाजायला आत गेली.